कोनाड्यातला कांदा

कल्याणच्या गावभागातल्या आमच्या जुन्या घरात दाराशेजारी एक कोनाडा होता आणि त्या कोनाड्यात बारा महिने एक कांदा ठेवलेला असे. तो स्वयंपाकासाठी नव्हता. त्याला कोंब फुटला की अम्मी तो कालवणात घालायची आणि टोपलीतला दुसरा कांदा कोनाड्यात ठेवायची. पाहुण्यांच्या पोरांनी खेळायला म्हणून तो उचलला, तर एरवी शांत असणारी अम्मी अशी ओरडायची की पोरं दचकायची. तो कांदा माझ्या धाकट्या बहिणीसाठी होता. तिला फेफरं यायचं.

पहिल्यांदा आलं ते १९८३ सालच्या पावसाळ्यात. ती नऊ वर्षांची होती. ओटीवर बसून शाळेची कविता पाठ करत होती. मधेच थांबली, मान एका बाजूला वळली आणि ती आडवी झाली. हातपाय झटके देऊ लागले. शेजारपाजारचे धावून आले. कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी दातखीळ उघडायला चमचा आणला. दोन-तीन मिनिटांत झटके थांबले. थांबले ते आपोआप. पण यश कांद्याला मिळालं आणि त्या दिवसापासून त्याला कोनाडाही मिळाला.

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए.पर्यंत, तेही मराठी घेऊन. मेंदूविषयी बोलायचा माझा अधिकार शून्य. तरी आज या विषयावर बोलतोय, याला कारण माझी मुलगी. ती जीवशास्त्रात एम.एस्सी. करते. एका रात्री जेवणं झाल्यावर तिने मला मोबाईलवर एक फोटो दाखवला. काळ्याकुट्ट अंधारात शेकडो हिरवे ठिपके. मला वाटलं, मलंगगडावरून रात्री काढलेला कल्याण-डोंबिवलीचा फोटो असावा. ती म्हणाली, ‘‘अब्बा, हा उंदराच्या मेंदूचा काप आहे. हे हिरवे ठिपके म्हणजे ‘नको’ म्हणणाऱ्या पेशी. फुफीच्या दुखण्याची गोष्ट इथून सुरू होते.’’

आमच्या घरात त्या दुखण्याचा एकच अर्थ ठाऊक होता. पहिल्या डॉक्टरांनी अम्मीला समजेल अशा भाषेत सांगितलं होतं, की मेंदूत वीज जास्त झाली की आकडी येते. ते चूक नव्हतं, पण अर्धं होतं. वीज तर प्रत्येकाच्याच मेंदूत असते. खरा प्रश्न असा, की एरवी तिला आवरतं कोण? या प्रश्नाचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे. मी तो मुलीकडून ऐकला, पुस्तकांतून वाचला आणि आज तुम्हाला सांगतोय.

ठाण्या-कल्याणच्या माणसाला ही गोष्ट सांगायला रेल्वेसारखं साधन नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं तिला जोडली होती. लोकांनी इंजिनाला हात जोडले. ब्रेककडे कुणी पाहिल्याचं वाचनात नाही. चालवणाऱ्या शक्तीचं कौतुक होतं, थांबवणाऱ्या शक्तीचं होत नाही. मेंदूच्या अभ्यासातही तसंच झालं. मज्जातंतू स्नायूला हलवतो हे लोकांना आधी कळलं. मज्जातंतू स्नायूला थांबवूही शकतो, ही कल्पना पचायला वेळ लागला.

१८४५ साली जर्मनीतल्या वेबर बंधूंनी दाखवलं, की एका विशिष्ट मज्जातंतूला विजेचा चटका दिला तर हृदय जोरात धडधडण्याऐवजी संथ होतं. मग १८६२ साली इव्हान सेचेनोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने पॅरिसमध्ये बेडकांवर प्रयोग केले. बेडकाचा पाय सौम्य आम्लात बुडवला की तो पाय आखडून घेतो. सेचेनोव्हने बेडकाच्या मेंदूच्या कापलेल्या भागावर मिठाचा खडा ठेवला आणि बेडूक पाय आखडायला उशीर करू लागला. म्हणजे मेंदूचा काही भाग ‘कर’ असं न सांगता ‘थांब’ असं सांगत होता. पुढच्या वर्षी त्याने यावर निबंध लिहिला, तर तो रशियाच्या सेन्सॉरच्या डोळ्यांत खुपला. माणसाच्या मनाचा व्यवहार असा यंत्रासारखा सांगणं सरकारला धोक्याचं वाटलं.

पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स शेरिंग्टनने हा धागा उचलला. आपण कोपरातून हात वाकवतो तेव्हा दंडाच्या पुढचा स्नायू आवळला जातो आणि त्याच क्षणी मागचा सैल सोडला जातो. तो आपोआप सैल पडत नाही. मज्जारज्जूतून त्याला गप्प बसवलं जातं. हे गप्प बसवणं बंद पडलं तर काय होतं, ते आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना पुस्तक न वाचता ठाऊक होतं. धनुर्वात. गंजका खिळा लागतो, जखम माती खाते आणि काही दिवसांनी माणसाचं शरीर धनुष्यासारखं ताणलं जातं. धनुर्वाताच्या जंतूचं विष नेमकं आवर घालणाऱ्या पेशींचं तोंड बंद करतं. मग पुढचे आणि मागचे सगळे स्नायू एकदमच ओढू लागतात. कोकणातल्या काजऱ्याच्या बियांतलं विषही साधारण याच वाटेने मारतं. पेशीकडून आलेला ‘थांब’चा निरोप ते पोचू देत नाही. शेरिंग्टनला १९३२ साली नोबेल मिळालं.

पण हा निरोप जातो कसा? विजेच्या ठिणगीने की एखाद्या रसायनाने? यावर शास्त्रज्ञांत कडाक्याचं भांडण होतं. ठिणगीच्या बाजूचे सर्वांत हट्टी वकील होते जॉन एकल्स, शेरिंग्टनचेच शिष्य. १९५१ साली न्यूझीलंडमधल्या डनेडिन गावी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजराच्या मज्जारज्जूतल्या एका पेशीच्या आत केसाहून बारीक काचेची नळी घातली आणि ‘थांब’चा निरोप येतो त्या क्षणी आतला विजेचा दाब मोजला. त्यांच्या स्वतःच्या सिद्धान्ताप्रमाणे काटा एका बाजूला हलायला हवा होता. तो बरोबर उलट्या बाजूला गेला. एकल्सनी त्याच वेळी मान्य केलं, की मी इतकी वर्षं चुकत होतो, हे काम रसायनाचंच आहे. आमच्या कवींच्या जगात असं कुणी कबूल केल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. एकल्सना १९६३ साली नोबेल मिळालं, ते चूक कबूल केल्यानंतरच्या कामासाठी.

‘थांब’ सांगणारं असं एक रसायन वर्षभर आधीच एका वेगळ्याच माणसाच्या हाती लागलं होतं. १९५० साली अमेरिकेत यूजीन रॉबर्ट्स उंदरांच्या गाठींतली रसायनं तपासत होते. कागदावर रसायनं पसरवून त्यांचे डाग बघायची ती पद्धत. तुलनेसाठी त्यांनी उंदराच्या मेंदूचा अर्क घेतला, तर एक असा डाग उमटला जो शरीरातल्या दुसऱ्या अवयवांत जवळजवळ दिसत नव्हता. तो होता गॅमा अमिनो ब्युटिरिक आम्लाचा. शास्त्रज्ञ त्याला लाडाने ‘गाबा’ म्हणतात. हे मेंदूत कशासाठी आहे, याचा तेव्हा पत्ता नव्हता. तोच मेंदूतला मुख्य ‘थांब’ आहे, हे सिद्ध व्हायला १९६७ साल उजाडलं.

गाबा कशापासून बनतो? इथे आपल्या ओळखीचा पदार्थ येतो. डोंबिवली स्टेशनबाहेरच्या चायनीज गाडीवर नूडल्समध्ये चिमूटभर अजिनोमोटो टाकतात ना, त्यातलं ग्लुटामेट. मेंदूत हेच ग्लुटामेट पेशींना ‘चला’ म्हणणारं मुख्य रसायन आहे. ते मेंदू स्वतःच बनवतो, गाडीवरचं तिथे पोचत नाही, तेव्हा घाबरू नका. काही थोड्या पेशींत एक विकर असतं. ते ग्लुटामेटच्या रेणूतून कर्बवायूचा एक तुकडा काढून टाकतं. झालं. ‘चला’चं ‘थांबा’ झालं. जी पेशी हे काम करते ती आवर घालणारी पेशी. मेंदूच्या बाहेरच्या थरात अशी पेशी साधारण पाचात एक. बाकीच्या चार पळवणाऱ्या.

हे ऐकल्यावर मला माझ्या बहिणीच्या गोळ्या आठवल्या. डॉक्टरांनी तिला सुरुवातीला फिनोबार्बिटोन दिलं होतं. घरात तिला ‘छोटी गोळी’ म्हणत. हे औषध फेफऱ्यावर १९१२ सालापासून दिलं जातंय. म्हणजे गाबाचा शोध लागायच्या अडतीस वर्षं आधीपासून. ते गाबाचा हात बळकट करतं, त्याचा ‘थांब’ जास्त वेळ टिकवतं, हे फार मागाहून कळलं. तोवर जगभरच्या लाखो आयांनी ती गोळी दुधातून, मधातून पोरांच्या पोटात घातली होती. का लागू पडते ते न कळता. कोनाड्यातला कांदा आणि ही गोळी यांच्याविषयीचं आमचं ज्ञान एकसारखंच होतं. फरक इतकाच, की गोळी खरी होती.

आणि तीच आम्ही बंद केली. १९८८ साल. सव्वा वर्षात फेफरं आलं नव्हतं. आम्ही हाजी मलंगच्या डोंगरावर जायचो, तिथे अम्मीला मनसोक्त रडायला जागा मिळायची, आणि तिथे जाण्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. बिघडलं ते दुसरीकडे. स्वतःला जाणकार म्हणवणाऱ्या एका माणसाने अब्बांना सांगितलं, की या इंग्रजी गोळ्यांनी पोरीचं डोकं मंद होईल, आजपासून बंद करा. अब्बांनी एका दिवसात बंद केल्या. चौथ्या रात्री तिला एकामागून एक झटके सुरू झाले. एक संपून शुद्ध यायच्या आत दुसरा. कांदा झाला, चप्पल झाली. रिक्षात तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी अठरा-एकोणीस वर्षांचा, दवाखाना येईस्तोवर आकडे मोजत होतो. डॉक्टरांनी शिरेत हळूहळू डायझेपाम दिलं. काही मिनिटांत तिचं अंग सैल पडलं. तेव्हा मला ते इंजेक्शन म्हणजे चमत्कार वाटलं. आज कळतं, की त्या डॉक्टरांनी तिच्या डोक्यातल्या थकलेल्या ‘थांब’ला टेकू दिला होता. वर्षानुवर्षं चालू असलेली अशी गोळी एकदम थांबवली, तर मेंदू उसळी मारतो. ती बंद करायचीच असेल तर डॉक्टरच्या सांगण्यावरून, हळूहळू.

आता त्या हिरव्या ठिपक्यांकडे वळू. शास्त्रज्ञांपुढे अडचण अशी होती, की आवर घालणाऱ्या पेशी पळवणाऱ्या पेशींच्या गर्दीत मिसळलेल्या असतात. सकाळी आठ वीसला कल्याणच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून पाचातला एक कोण, ते ओळखून दाखवा. इटलीतल्या गॉल्जीने १८७३ साली चांदीच्या क्षाराने पेशी रंगवायची युक्ती काढली, तिने शंभरातल्या मोजक्या पेशी काळ्या होतात, पण कोणत्या होतील ते आपल्या हातात नाही. स्पेनच्या काहालने त्याच युक्तीने आयुष्यभर पेशींची चित्रं काढली, त्यांत या आखूड शेपटीच्या पेशीही आहेत. १९०६ साली दोघांना मिळून नोबेल मिळालं. पुढे १९७०च्या दशकात गाबा बनवणाऱ्या विकरालाच रंग लावायची पद्धत आली. पण त्यासाठी मेंदू आधी मेलेला लागे. मेलेल्या माणसाचा स्वभाव कसा कळणार? जिवंत पेशी काम करताना ओळखता आली पाहिजे होती.

याचं उत्तर समुद्रातून आलं. ओसामु शिमोमुरा सोळा वर्षांचे असताना नागासाकीपासून काही मैलांवरच्या इसाहाया गावातल्या कारखान्यात कामाला होते. ९ ऑगस्ट १९४५ला अणुबॉम्बच्या झोताने त्यांना अर्धा मिनिट काही दिसेना. प्रकाशाने दिपलेल्या या मुलाने पुढचं आयुष्य सौम्य प्रकाशाच्या शोधात घालवलं. १९६१च्या उन्हाळ्यात ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर फ्रायडे हार्बर इथे जाळी घेऊन जेलीफिश पकडत होते. एका मोसमात सुमारे दहा हजार. तिच्या कडेचा चमकणारा भाग कापून, पिळून, गाळून त्यांनी उजेड देणारं प्रथिन वेगळं केलं. त्याबरोबर आणखी एक प्रथिन मिळालं. त्यावर निळा प्रकाश टाकला की ते हिरवं चमकतं. १९६२च्या त्यांच्या निबंधात त्याचा उल्लेख जाता जाता, टीपेसारखा आहे.

तीस वर्षांनी, १९९२ साली, डग्लस प्राशर या शास्त्रज्ञाने त्या हिरव्या प्रथिनाचा जनुक वेगळा काढला. नाव ऐकून आपल्याला आपले पराशर आठवतील, पण हा गृहस्थ अमेरिकेतल्या ओहायोचा. त्याचं पुढच्या कामाचं अनुदान संपलं. त्याने तो जनुक मागणाऱ्यांना देऊन टाकला आणि हे काम सोडलं. ज्यांना दिला त्यांतले एक मार्टिन चाल्फी. त्यांनी १९९४ साली एका बारीकशा कृमीत तो घालून जिवंत कृमीच्या स्पर्श जाणणाऱ्या चेतापेशी हिरव्या करून दाखवल्या. दुसरे रॉजर चेन. त्यांनी त्यातून निरनिराळे रंग काढले. २००८ साली शिमोमुरा, चाल्फी आणि चेन यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या वेळी प्राशर अलाबामात एका मोटारविक्रेत्याकडे गिऱ्हाइकांची ने-आण करणारी गाडी चालवत होता. चाल्फी आणि चेन यांनी त्याला आपल्याबरोबर स्टॉकहोमच्या सोहळ्याला नेलं. ज्याने दिवा दिला त्याच्याच घरात अंधार, असं आपण म्हणतो. इथे निदान उजेडातल्या माणसांनी त्याला विसरायचं नाकारलं.

आता उंदीर. १९९७ साली जपानमध्ये ओकाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळजवळ सगळं अंग हिरवं चमकणारे उंदीर केले. पण सगळंच चमकलं तर ओळखणार काय? दिवा फक्त पाचातल्या एकाच्या घरी लागायला हवा होता. २००० साली अमेरिकेत आवर घालणाऱ्या पेशींचा एक गट चमकवणारे उंदीर तयार झाले. २००३ साली तामामाकी, यानागावा आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी नेमकं घर गाठलं. गाबा बनवणाऱ्या विकराचा जो जनुक असतो, त्याच्या जागी त्यांनी हिरव्या प्रथिनाचा जनुक बसवला. ज्या पेशीत त्या विकराचा हुकूम सुटतो, त्याच पेशीत आता दिवा लागतो. उंदराच्या मेंदूचा पातळ काप प्राणवायू सोडलेल्या खारट पाण्यात काही तास जिवंत राहतो. त्यावर निळा प्रकाश टाकायचा आणि हिरवी दिसेल तिच्यातच काचेची नळी घालायची. एकल्सना जे अंधारात चाचपडावं लागलं, ते आता डोळ्यांनी दिसू लागलं.

याची एक किंमत आहे, ती मुलीने सांगितली नसती तर मला कळली नसती. जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. एका प्रतीच्या जागी दिवा बसवला तर उंदीर जगतो, पण त्याच्या मेंदूत गाबा थोडा कमी पडतो. दोन्ही प्रतींच्या जागी दिवा बसवला, तर पिल्लू जन्मल्या दिवशीच मरतं. म्हणजे आवर घालणाऱ्या शक्तीची जागा घेऊनच तो उजेड पडतो. उंदरांचा विचार माझ्या मनातून जात नाही. आपल्याकडे १९६० सालच्या कायद्याने अशा प्रयोगांवर देखरेख ठेवायची तरतूद आहे आणि ती असायलाच हवी. तरीही मी मुलीला उंदीर सोडून दे असं सांगू शकलो नाही. रिक्षातली ती रात्र मध्ये येते.

या दिव्यांनी काय दाखवलं? एक तर या पेशींचा प्रवास. १९९७ साली अमेरिकेत एका गटाने दाखवलं होतं, की या पेशी मेंदूच्या वरच्या थरात काम करतात, पण तिथे जन्मत नाहीत. गर्भाच्या मेंदूत खूप खाली, दुसऱ्याच भागात त्या जन्मतात आणि आडव्या वाटेने सरपटत सरपटत वर येतात. हिरवे उंदीर आल्यावर हा प्रवास चालू असताना पाहता आला. मुलीने मला त्याचं चित्रण दाखवलं. पुढे तोंड काढून चाचपायचं, थबकायचं, मग मागचं अंग ओढून घ्यायचं. मी म्हटलं, या तर आपल्यासारख्याच. राहायला कसारा-कर्जतकडे, कामाला मुंबईत, आणि मुंबई त्यांच्यावाचून चालत नाही.

दुसरी गोष्ट थेट आजाराची. शार्लोट द्रावे या फ्रेंच डॉक्टरीणबाईंनी १९७८ साली लहान मुलांच्या एका भयंकर फेफऱ्याचं वर्णन केलं होतं. तान्ह्या मुलाला ताप येतो, तापात आकडी येते आणि मग ती थांबतच नाही. २००१ साली बेल्जियममध्ये त्यामागचा बिघडलेला जनुक सापडला. पेशीच्या भिंतीत सोडियम आत घेणारं जे दार असतं, त्याचा तो जनुक. कोडं असं, की हे दार बिघडलं तर पेशी मंद व्हायला हवी. मग मेंदू पेटतो कशाने? २००६ साली अमेरिकेत उंदरांवर उत्तर मिळालं. त्या बिघाडाचा फटका मुख्यतः आवर घालणाऱ्या पेशींना बसतो. ब्रेकच मंद होतो. २०१२ साली फक्त याच पेशींतून तो जनुक काढला, तरी उंदरांना झटके आले. फेफऱ्यावरच्या काही नेहमीच्या औषधांनी या मुलांना उलट जास्त त्रास का होतो, तेही त्यामुळे समजलं. ती औषधं सोडियमची दारं अडवतात, म्हणजे आधीच दुबळ्या ब्रेकवर घाव घालतात. एका अंधाऱ्या कापातल्या हिरव्या ठिपक्यांचा संबंध असा औषधाच्या चिठ्ठीशी येतो.

या गोष्टीत आपल्या मुंबईचंही एक पान आहे. ज्या १९६२ साली शिमोमुरांचा निबंध आला, त्याच साली होमी भाभांच्या बोलावण्यावरून ओबेद सिद्दिकी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा करायला आले. उत्तर प्रदेशातल्या बस्तीचा, अलिगढला शिकलेला हा माणूस. त्यांनी अमेरिकेत सीमूर बेंझर यांच्यासोबत अशा फळमाश्यांचा अभ्यास केला, ज्या उष्णता वाढली की लुळ्या पडतात आणि गार केल्या की उठून उडतात. त्यांचा निबंध १९७६ साली आला. अशा एका माशीतला बिघडलेला जनुक पुढे सोडियमच्या दाराचाच निघाला. माशीचं ऊन आणि द्रावेच्या बाळाचा ताप यांचं गोत्र एकच. सिद्दिकी २०१३ साली गेले. त्याच संस्थेत शुभा टोळे यांनी उंदरांवर काम करून गर्भात मेंदूचा वरचा थर आणि स्मरणाचा भाग कसा घडतो ते उलगडलं, त्यांना २०१४ साली इन्फोसिस पुरस्कार मिळाला. चिंता आणि मनाच्या आजारांमागचा मेंदू अभ्यासणाऱ्या विदिता वैद्य यांना २०२२ साली मिळाला. कल्याणहून निघालेली लोकल सीएसटीला पोचते, तिथून कुलाबा काही लांब नाही. पण आमच्या कोनाड्यापासून ते अंतर फार होतं.

ते अंतर विज्ञानाचं नव्हतं, हे आता सांगायलाच हवं. १९९६ साली बहिणीचं लग्न ठरलं. मुलाकडच्यांना आजाराचं सांगायचं की नाही, यावर घरात एक रात्र खल झाला. अम्मी म्हणाली, सांगू नका. अब्बा माझ्याकडे बघत होते, कारण शिकलेला मी. मी गप्प राहिलो. बहिणीने गोळ्या पावडरच्या डब्यात लपवून नेल्या. भरल्या घरात सगळ्यांच्या देखत गोळी घ्यायची सोय नाही, म्हणून एक दिवस चुकला, दुसरा चुकला. सहाव्या आठवड्यात तिला स्वयंपाकघरात फेफरं आलं. तिला परत पाठवताना ते लोक म्हणाले, तुम्ही आम्हाला फसवलंत. आम्ही त्यांना खूप वर्षं नावं ठेवली. पण ते म्हणत होते ते खरंच होतं.

त्या काळात कायदाही आमच्यासारखाच घाबरलेला होता. हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा यांत १९७६ साली वेडाच्या झटक्यांच्या जोडीला अपस्मार हा शब्द घातला गेला होता. असा आजार असलेल्याचं लग्न रद्द ठरवायला तो आधार होता. फेफरं असलेल्यांसाठी काम करणाऱ्या डॉक्टरांच्या आणि संघटनांच्या प्रयत्नांनंतर १९९९ साली तो शब्द काढला गेला. माझ्या बहिणीच्या निकाहाला ते कायदे लागू नव्हते. पण समाजाचा न लिहिलेला कायदा सगळ्या धर्मांत एकच होता, आणि त्यातला तो शब्द अजून पुरता खोडला गेलेला नाही.

छंदात एक ‘यती’ नावाची गोष्ट असते. ओळीत विसावा घ्यायची जागा. ती चुकली तर शब्द बरोबर असूनही ओळ कोसळते. मी आयुष्यभर हे शिकवत आलो. गप्प राहण्याचंही मोल असतं, ते योग्य जागी असेल तर. आवर घालणारी पेशी योग्य क्षणी गप्प करते, म्हणून बाकीच्यांचं बोलणं अर्थपूर्ण होतं. माझं गप्प राहणं चुकीच्या जागी होतं.

शोध पुढे चालले आहेत. २०१३ साली उंदरांत प्रकाशाच्या झोताने या पेशी जाग्या करून सुरू झालेला झटका मधेच थांबवता आला. प्रयोगशाळेत वाढवलेल्या अशा मानवी पेशी मेंदूत रोवण्याची चाचणी २०२२ सालापासून अमेरिकेत मोजक्या रुग्णांवर सुरू झाली आहे. आपल्या दारात हे येईल तेव्हा येईल. तोवर साधी गोष्ट लक्षात ठेवा. कुणाला फेफरं आलं तर त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, तोंडात काही घालू नका, घट्ट धरून ठेवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेलं तर दवाखान्यात न्या. कांदा भाजीत घाला.

तो हिरवा फोटो मुलीने फुफीलाही दाखवला. बहीण आता पन्नाशीत आहे. ती कल्याणला शिवणाचा वर्ग चालवते. अकरा वर्षांत तिला फेफरं आलेलं नाही. तिने चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, ‘‘उंदीर जगला का?’’ मुलगी नाही म्हणाली. बहीण काही बोलली नाही. तेवढ्यात तिच्या मोबाईलचा गजर वाजला. गोळीची वेळ झाली होती. वर्गात सात-आठ मुली मशीनवर बसल्या होत्या. तिने टेबलावरचं पाकीट उचललं आणि सगळ्यांच्या देखत गोळी घेतली. एका नव्या मुलीने विचारलं, ‘‘बाजी, कसली गोळी?’’

‘‘फेफऱ्याची,’’ ती म्हणाली, आणि मुलीच्या हातातला टाका बघायला वळली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)